मधलं माणूस

गुळाचा वास भिंतीत किती काळ राहतो, याचा मला अजूनही अंदाज नाही. बारामतीतली ती खोली एकेकाळी गुळाची वखार होती. मी तिथे रुजू झाले तेव्हा ढेपा जाऊन, फरशी धुऊन, भिंतींना आकाशी चुना देऊन बराच काळ लोटला होता; तरी दुपारचं ऊन छपराच्या पत्र्यावर चढलं की चुन्याच्या आतून तो वास हळूहळू बाहेर येई. ओलसर, जड, किंचित करपलेला. भिंतीला घाम फुटावा तसा. त्या पत्र्याखाली लोखंडी घडीच्या खुर्च्या वर्तुळात मांडलेल्या असत आणि दर शनिवारी आसपासच्या गावांतली सगळ्यांत चिडकी मुलं त्यांवर येऊन बसत. कुणी शाळेच्या खिडक्या फोडलेल्या, कुणी थोरल्या भावाच्या पायावर कुऱ्हाडीचा दांडा घातलेला, कुणी घरात जेवणाचं ताट रोज भिंतीवर भिरकावणारं. इतक्या कडवट तोंडाची मुलं इतक्या गोड वासात बसलेली पाहून पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं. मुंग्यांना मात्र त्यात वावगं काही वाटत नसे. त्या रांगेने भिंत चढत राहत, आणि लासुर्ण्याचा बापू नावाचा एक मुलगा दर खेपेला म्हणे, "बाई, ह्यास्नी बी गटात घ्या. ह्या आमच्यापेक्षा टायमावर येत्यात."

वखारीला लागून डॉक्टरबाईंचा दवाखाना होता. त्या मनोविकारांच्या डॉक्टर. आठवडाभर पुण्यात असत आणि शनिवारी बारामतीला येत. आवाज कोरडा, चष्मा गळ्यात दोरीला बांधलेला, आणि कुठल्याही गोष्टीचं नवल न वाटण्याची सवय. त्यांनी दारावर 'गटोपचार केंद्र' अशी पाटी रंगवून घेतली होती, पण गावाने त्याचं बारसं केव्हाच उरकून टाकलं होतं: रागाचा क्लास. इंग्रजीचा असतो, गणिताचा असतो, तसा रागाचा. "थोरल्याला रागाच्या क्लासला घातलंय," असं बायका एसटीत एकमेकींना सांगत. एका वडिलांनी तर मला फार गंभीरपणे विचारलं होतं, "बाई, ह्येची वार्षिक परीक्षा कधी असती?"

मी तेव्हा पुण्याहून मानसशास्त्र शिकून नुकतीच परतले होते. शिकले मानसशास्त्र, पण खरं मन कवितेत. कॉलेजात मराठीच्या बाईंनी आम्हाला कविता मोठ्याने वाचायला शिकवली होती आणि प्रत्येक शब्दाच्या आधीची शांतता ऐकायची सवय लावली होती. ती सवय या खोलीत उपयोगी पडेल, असं मला वाटे. डॉक्टरबाईंनी मला गटाचे नियम पाठ करून घ्यायला सांगितले होते. हात उचलायचा नाही. एका वेळी एकाने बोलायचं. इथलं बोलणं इथेच राहील. आणि त्यांचा सर्वांत आवडता नियम असा, की ज्याच्याविषयी बोलायचं त्याच्याशीच बोलायचं. त्याच्या डोळ्यांत बघून, 'मला' या शब्दाने सुरुवात करून. 'त्याला सांगा', 'तिला म्हणावं' असलं काही चालणार नाही. "आडून बोलणं हे अर्ध्या रागांचं मूळ आहे," त्या म्हणत. हा नियम मला एखाद्या स्वच्छ धुतलेल्या ओळीसारखा वाटे. त्यावर माझं प्रेमच बसलं होतं, आणि ते बसायला माझं घर कारणीभूत होतं.

आमचं घर वालचंदनगरला, कारखान्याच्या स्टाफ क्वार्टर्समध्ये. दोन खोल्या, मागे न्हाणीघर, पुढे अण्णांनी लावलेली जाई. अण्णा, म्हणजे माझे वडील, वर्कशॉपमध्ये होते. त्यांच्या खाकी कपड्यांना तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास असे. भोंगा झाला की साऱ्या वसाहतीत एकदम कुकरच्या शिट्ट्या सुरू होत. आई स्वयंपाकात तरबेज होती. तिची चिंचगुळाची आमटी, भरल्या वांग्यांना लावलेला कारळ्याचा कूट, रविवारी शेंगदाण्याच्या पोळ्या. तव्यावर पोळी फुटून दाणेगूळ जळल्याचा खमंग वास शेजारच्या क्वार्टरपर्यंत जाई. या घरात भांडण म्हणून कधी झालं नाही. कारण आई आणि अण्णा एकमेकांशी बोलतच नसत. अबोला होता. तो का धरला गेला हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मी शाळेत जायला लागले तेव्हा तो घरातल्या कपाटाइतका जुना झाला होता. अण्णा वर्तमानपत्रामागून म्हणत, "तिला सांग, बंब पेटला असेल तर मी आंघोळीला जातो." आई तिथेच हाताच्या अंतरावर भाजी चिरत असे. मी तिच्याकडे वळून म्हणे, "आई, बंब पेटला असेल तर अण्णा आंघोळीला जातायत." "पेटलाय म्हणावं." "पेटलाय, अण्णा." मग अण्णा उठत.

एकदा, दुसरीत-तिसरीत असेन, मी कंटाळले. पंगतीला अण्णा म्हणाले, "तिला सांग, भात वाढ." मी म्हटलं, "ऐकलंय की तिनं." आई भाताचा डाव हातात घेऊन उभी होती. भातातून वाफ निघत होती. अण्णा ताटाकडे बघत होते. आईने डाव खाली ठेवला नाही आणि भातही वाढला नाही. ती रागावलेली नव्हती. ती फक्त माझ्याकडे बघत थांबली होती, टपाल यायचं राहिलेल्या माणसासारखी. शेवटी मी म्हटलं, "आई, अण्णा म्हणतात भात वाढ." मग तिने वाढला. त्यावर तूप नेहमीपेक्षा जरा जास्त घातलं, हेही मी तेव्हा पाहिलं होतं. पण पुण्यात जाऊन शिकल्यावर ते सारं मला एकाच शब्दात बसवता येऊ लागलं, आणि तो शब्द आजाराचा होता.

सारिका दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर गटात आली. कऱ्हाटीची, दहावीतली मुलगी. काटक, उन्हाने रापलेली, वेणी इतकी घट्ट की कपाळ ताणलेलं दिसे. ती बारामतीला मुलींच्या वसतिगृहात राहून शिकत होती. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती; "हिच्या अंगाला लेंड्यांचा वास येतो," असं एका मुलीने जेवणाच्या रांगेत म्हटल्यावर सारिकाने आमटीचं पातेलं उलथं केलं आणि गरम कालथा त्या मुलीच्या हातावर ओढला. वसतिगृहाच्या बाईंनी तिला घरी पाठवलं आणि दोन अटी घातल्या. तिने रागाच्या क्लासला बसावं, आणि सुट्टीनंतर शाळा उघडेल तेव्हा वडिलांनी स्वतः तिला आणून सोडावं. नाही तर जागा दुसऱ्या मुलीला जाईल.

पहिली अट ती पाळत होती. दुसरी अडली होती ती अशी. उन्हाळ्यात सारिका वसतिगृहात असताना तिच्या वडिलांनी सगळा कळप विकून टाकला होता. तिला न सांगता. सुट्टीला घरी गेली तर वाडगं, म्हणजे मेंढरं कोंडायची काट्यांचं कुंपण घातलेली जागा, रिकामं होतं. आणि तिने पिल्लापासून वाढवलेला काळू नावाचा कुत्राही नव्हता. ती एक शब्द बोलली नाही. त्या दिवसापासून बापाशी तिचा अबोला. बापही तसाच. "तिनं तोंडानं म्हणावं, मला शाळंत धाडा. लगीच धाडतो," हे त्यांचं म्हणणं. आणि सारिकाचं म्हणणं असं, की कळप विकताना त्यांनी मला विचारलं नाही, मी त्यांना काही विचारणार नाही. त्या दोघांच्या मध्ये वडिलांची थोरली बहीण, सारिकाची आत्या, होती. तिने सुप्याकडचं एक स्थळ हेरून ठेवलं होतं. शाळेची जागा गेली की तेवढंच उरत होतं.

हे मला वसतिगृहाच्या बाईंकडून कळलं; सारिकाने सांगितलं नाही. माझ्याशी ती बोलतच नसे. मी काही विचारलं की ती भिंतीवरच्या मुंग्यांकडे बघे. जे काही बोलायची ते बापूशी, आणि तेही त्याने डिवचल्यावर. बापूच्या घरी गवार-भेंडीचा मळा होता. मालाला खोट काढली म्हणून त्याने एका दलालाची वजनं कालव्यात फेकून दिली होती आणि त्या पराक्रमाचा त्याला अजून अभिमान होता.

"बाई, हिला माझ्याकडं बगून बोलाय लावा की. नियमच हाय," तो म्हणे.

"तुझ्याकडं बगून दूध नासतं," सारिका मुंग्यांना सांगे.

"मंग बाजारात उभी ऱ्हा, पनीर इकू दोघं."

सगळा गट हसे. सारिकाच्या ओठाचा एक कोपरा हले, आणि परत घट्ट होई. त्या हलण्यावर मी आठवडाभर जगत असे.

सुट्टीतल्या शेवटच्या शनिवारी डॉक्टरबाईंनी तिच्या वडिलांना बोलावलं. सोमवारी शाळा उघडणार होती. ते आले; पांढरं धोतर, खांद्यावर काळं घोंगडं, एक गुडघा दुखरा असल्याने चालताना अंग एका बाजूला टाकणारे. मारुतीआबा. लोखंडी खुर्चीवर ते इतके कडेला टेकले की खुर्ची बसल्यासारखी वाटेना. त्यांच्या घोंगड्याला लोकर, धूर आणि पावसाळी गवत यांचा एकत्र वास होता, आणि गुळाच्या वासात तो मिसळेना, वेगळाच राहिला. मी दोन खुर्च्या वर्तुळाच्या मधोमध समोरासमोर मांडल्या, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. पुस्तकात तसं चित्र होतं. डॉक्टरबाईंनी मान डोलावली.

"सारिका, आबांच्या डोळ्यांत बघ," मी म्हटलं. "आणि 'मला' या शब्दापासून सुरू कर."

ती पत्र्याकडे बघू लागली. आबा फरशीकडे. गटातली मुलं श्वास रोखून बसली होती, बापूसुद्धा. मी पुन्हा म्हटलं. तिने ओठ उघडले, आणि मला वाटलं, आलं, आता येतंय. तेवढ्यात आबा उठले. आवाज चढवला नाही त्यांनी.

"बाई, पोरीनं बापाच्या डोळ्याला डोळा भिडवायचा, आन् त्यो बी चारचौघांत? ह्ये शिकिवता व्हय तुमी? ह्या परास तिनं मला दगड मारला तर चालंल."

आणि ते अंग टाकत दाराबाहेर गेले. सारिकाने त्यांची रिकामी खुर्ची उचलली आणि भिंतीवर घातली. आकाशी चुन्याचा एक मोठा पोपडा खाली आला. त्याच्या आत भिंत तपकिरी, चिकट, चमकती होती. तो वास एकदम इतका दाटला की एका मुलाला ठसका लागला. मुंग्यांची रांग मोडून सैरावैरा झाली.

डॉक्टरबाईंनी सारिकाला बसवून पाणी दिलं. बापू खाली वाकून चुन्याचे तुकडे गोळा करू लागला. जरा वेळाने त्याने वर न बघता विचारलं, "तुमच्यात मधी कोण असतंय गं?"

"आई व्हती," सारिका म्हणाली. "वारली. आता आत्या हाय. एकाचं दोन करून सांगती."

गट सुटल्यावर डॉक्टरबाई गाडीत बसता बसता म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी दोघांना वेगवेगळं भेटू."

"पण शाळा परवा उघडते."

"मग ते आपल्या हातात नाही." त्यांनी काच वर केली. कठोर नव्हत्या त्या. आपल्या हातात काय नाही याची मोजणी त्यांनी माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळा केलेली होती, एवढंच.

मी वालचंदनगरची एसटी धरली. उसाचे ट्रॅक्टर रस्ताभर. एसटी त्यांच्या मागे रांगत होती आणि खिडकीतून पाचटाचा धूर येत होता. घरी पोचले तर दिवेलागण झालेली. आईने पिठलं टाकलं होतं. अण्णा पाटावर बसले आणि पहिला घास घेऊन म्हणाले, "तिला सांग, मीठ विसरली आहे." मी आईकडे वळले आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आई, अण्णा मीठ मागतायत." ते बोलून झाल्यावर मी जरा थबकले. 'विसरली आहे' हे मी मधेच कुठे तरी टाकून दिलं होतं. मी ते नेहमीच टाकत आले होते. आईने मीठ ठेवलं आणि म्हणाली, "त्यांना म्हणावं, दमून आल्यावर मिठाशिवायही गोड लागतं माणसाला." मी अण्णांना म्हटलं, "आई म्हणते, दमून आलात." अण्णांनी मान खाली घातली आणि पिठलं संपवलं. दोघांनीही दोघांचं सगळं ऐकलेलं होतं. गाळलेलंही दोघांना ठाऊक होतं. मी हातातला घास तसाच धरून बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले. हे काम मला येत होतं. पुण्यात कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवलेल्या कुठल्याही कामाहून अधिक चांगलं येत होतं.

(पुढे दोघांत आई आधी गेली. तेराव्यानंतर अण्णा एकदा मला म्हणाले, "तिला सांग, जाईला कळ्या आल्यात." मी वळले. भिंत होती. तरीही सांगितलं.)

रविवारी सकाळी मी बारामतीला उतरून कऱ्हाटीची गाडी पकडली. ऊस मागे पडत गेला, जमीन उघडी होत गेली, बाभळी आणि माळ सुरू झाले. कऱ्हेच्या पात्रात पाण्याच्या डबक्यांपेक्षा दगडच अधिक. आबांचं घर गावाच्या कडेला होतं. दगडी भिंती, वर पत्रा, शेजारी ते रिकामं वाडगं. बोराट्यांच्या काट्यांत लोकरीचे पुंजके अजून अडकलेले होते आणि वाऱ्याने हलत होते. आबा बाहेरच्या ओट्यावर बसून टकळीवर जुनी लोकर कातत होते. मेंढरांमागे चालता चालता कातायची सवय हाताला, ती मेंढरं गेल्यावरही सुटली नव्हती. आत चुलीपाशी भाकरी थापल्याचा आवाज येत होता. आणि दारात, उंबऱ्याला टेकून, आत्या बसली होती. नाकात नथ, तोंडात तंबाखू, दोन्हीकडे कान.

"या की बाई," आबा म्हणाले. कालचं काही चेहऱ्यावर नव्हतं. "तिला म्हणावं, क्लासच्या बाई आल्यात."

आत्या आत तोंड करून ओरडली, "ए भवाने, तुझ्यापायी लोकास्नी पायपीट! बाप म्हणतूय, तोंड दाखिव!"

भाकरीचा आवाज थांबला आणि दुप्पट जोराने सुरू झाला. आबांनी हे असं म्हटलं नव्हतं, हे मी ऐकलं होतं. सारिकानेही ऐकलं असणार. पण निरोप पोचला तो असा.

"आत्या," मी म्हटलं, "मला तिथे बसू द्या. बाहेर ऊन लागतंय."

"उंबऱ्यात? पाव्हण्या मानसानं उंबऱ्यात बसू ने बाई."

"मी पाहुणी नाही. कामाला आलेय."

आत्याने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहून घेतलं, आणि सरकली. पण फार नाही. मी उंबऱ्याशी बसले. डावीकडे ओटा, उजवीकडे चूल. मला आमच्या स्वयंपाकघरातल्या माझ्या पाटावर बसल्यासारखं वाटलं.

"काय म्हणायचं हाय बाई तुमचं?" आबांनी विचारलं.

"माझं काही नाही, आबा. तुम्हाला तिला काही सांगायचं असेल, तर मी सांगते."

टकळी गरगरत राहिली. मग ते म्हणाले, "तिला म्हणावं, च्या कर."

मी आत वळले. "सारिका, आबा म्हणतात, चहा कर."

धुरातून आवाज आला, "त्यास्नी म्हणावं, दूध न्हाय."

"आबा, दूध नाही म्हणते."

"कोरा चालंल म्हणावं."

"कोरा चालेल म्हणतात."

आत्या खुसुखुसू हसली. "आगं बया, ह्या तर रेडिओच झाल्या!" मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. आतून कपबशीचा आवाज आला. सारिकाने दोन कप माझ्या बाजूला ठेवले, मी त्यातला एक पुढे ओट्यावर सरकवला. गुळाचा चहा होता. पुस्तकांमध्ये या जागेला नाव आहे, आणि या जागेवर बसणाऱ्या माणसाने तिथून लवकरात लवकर उठावं, असं लिहिलेलं आहे. पुढे मी डॉक्टरबाईंना हे सारं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "चूकच केलीस. पुढच्या वेळी केलीस तर मला आधी सांग, मीही येते." त्या रविवारी मात्र त्या नव्हत्या, आणि उठावंसं मला वाटत नव्हतं.

आबांनी अर्धा चहा पिऊन कप खाली ठेवला. "तिला म्हणावं, रानं ऱ्हायली न्हाईत. खाली कालव्याकडं समदा ऊस. मेंढरू शिरलं की कज्जा. आन् माझा गुडगा चालना."

मी तसंच सांगितलं. काही घातलं नाही, काही गाळलं नाही. फक्त रानं आणि गुडघा यांच्यामध्ये थोडी जागा सोडली.

"त्यास्नी म्हणावं, मेंढरांचं मला कळतंय." आवाज दाराच्या जवळ आला होता. "काळूचं सांगा म्हणावं. काळू माझा व्हता."

मी आबांकडे वळले. "काळूचं विचारतेय."

टकळी खाली टेकली. लोकरीचा धागा तुटून त्यांच्या बोटात तसाच राहिला. माळावरून वारा आला आणि बोराट्यांतले पुंजके हलले. मी त्यांना बोलतं करण्यासाठी काहीही केलं नाही.

"तिला म्हणावं, काळूला मी दिला न्हाय. कळप गेला की कुत्रं मागं जातं, त्येची रीतच हाय. म्या बांधून ठिवला. हितं, ह्या खांबाला. दावं चावून गेला. फलटणच्या अंगाला कळप हुता, तिथवर चालत जाऊन आणला मागारी. परत गेला." ते थांबले. "तिला म्हणावं, माझ्यापाशी न्हाय ऱ्हायला त्यो. ह्ये काय तोंडानं सांगू तिला?"

शेवटचं वाक्य मला होतं की तिला, हे ठरवायला मला वेळ लागला. मी सगळंच सांगितलं. सांगताना माझा आवाज अण्णांचे निरोप सांगायच्या वेळी व्हायचा तसा झाला, बारीक आणि सपाट, ज्यात माझं स्वतःचं काही नसे. फलटणपर्यंतची वाट त्या गुडघ्याने चालणं म्हणजे काय, ते सांगायची गरज नव्हती. त्या घरात चालण्याचा हिशेब सगळ्यांना येत होता.

भाकरी करपल्याचा वास आला. कुणी उठलं नाही.

मग दाराच्या आतून, अगदी माझ्या खांद्यामागून, ती म्हणाली, "त्यास्नी म्हणावं, उद्या शाळा उघडतीया." श्वास घेतला. "मला धाडा म्हणावं."

"आबा, ती म्हणते, उद्या शाळा उघडते. मला धाडा."

"हां, असं न्हाय!" आत्या एकदम ताठ झाली. "तोंडानं म्हणायचं ठरलं व्हतं. ही कुठं म्हणली? बाईंच्या तोंडानं म्हणली!"

हिशेबाने आत्या बरोबर होती. आबांनी तिच्याकडे पाहिलं, मग टकळी उचलली, तुटलेला धागा जिभेवर ओला करून जोडला.

"आक्के," ते म्हणाले, "हिची आय व्हती तवा ह्या घरात समदं आसंच म्हणत व्हते. तुला काय ठावं न्हाय का?" आणि मग माझ्याकडे न बघता, टकळीला गिरकी देत, "धाडतो म्हणावं. सकाळच्या गाडीनं मी सोता सोडतो."

आत्या तंबाखू थुंकायच्या निमित्ताने उठून वाडग्याकडे गेली. मला इतकं हलकं वाटलं की हसू फुटेल असं झालं. आबांचं बोलणं माळापर्यंत ऐकू गेलं असेल. सारिका तर माझ्या पाठीशीच उभी होती. झालं होतं. मी खाली ठेवलेली पिशवी उचलली, पदर झटकला आणि एसटीची वेळ आठवत उठू लागले.

सारिका हलली नाही. ती उंबऱ्याच्या आत उभी होती, दोन्ही हात पिठाने पांढरे, कोपरात वाकवून अंगापासून दूर धरलेले. इतक्या शनिवारांत जिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं, ती आता सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती, आणि वाट अडवून, न रागावता, थांबली होती. मी पुन्हा खाली बसले. तरी मला शब्द सुचेपर्यंत तिने वाट पाहिली नाही.

"सांगा."